दम कमी पडतो की नजर चुकते?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या वेळची बहुतेक पत्रं ओरिएंटिअरिंगची आहेत. नकाशा आणि होकायंत्र घेऊन, रानात ठरलेल्या क्रमानं लावलेले नारिंगी-पांढरे झेंडे, म्हणजे कंट्रोल, गाठत धावायची ही स्पर्धा. पत्रांचा सूर एकच : मैदानावर पळतो चांगलं, निकाल मात्र हाती लागत नाही. पहिलं पत्र सगळ्यांच्या कामाचं आहे, म्हणून त्याला जागा जास्त दिली आहे.

प्रश्न : मी दारव्हा तालुक्यातला. कॉलेजात एनसीसी आहे, पोलीस भरतीची तयारीही चालू आहे. १६०० मीटर ५ मिनिटं २० सेकंदांत काढतो, गावच्या मैदानावर माझ्यापुढं कोणी जात नाही. पण शेवटच्या स्पर्धेत १२ कंट्रोलच्या मार्गाला पहिल्या आलेल्याला ४०:१० लागली आणि मला ५५:३२. मैदानावर ज्यांना मी मागं टाकतो, ती पोरं इथं माझ्या आधी परत येतात. माझा दम कमी पडतो का? कोणती चाचणी करू? निकालाचा कागद जोडला आहे.

उत्तर : चाचणीआधी हा कागद नीट वाचू. अर्धी चाचणी त्यातच झालेली आहे.

तुमच्या कागदावर १३ टप्पे आहेत, बारा कंट्रोलचे आणि शेवटचा समाप्तीचा. प्रत्येक टप्प्याला त्या दिवशी कुणालाही लागलेला कमीत कमी वेळ आणि शेजारी तुमचा वेळ असा मांडला, तर हे दिसतं :

पहिला २:४० / ४:५५, दुसरा ३:१० / ३:५५, तिसरा ४:२० / ५:२५, चौथा १:५० / २:१५, पाचवा ५:३० / १०:२०, सहावा २:२० / २:५८, सातवा ३:०० / ३:४०, आठवा २:०५ / २:३७, नववा ४:४० / ६:००, दहावा ३:२० / ७:३५, अकरावा १:४० / २:०५, बारावा २:३० / ३:०५, समाप्ती ०:४० / ०:४२.

सगळे वेळ सेकंदांत करा आणि तुमच्या वेळेला सगळ्यात जलद वेळेनं भागा. दुसऱ्या टप्प्याला २३५ भागिले १९०, म्हणजे १.२४. असे तेरा आकडे लहानापासून मोठ्याकडं लावा आणि मधला, म्हणजे सातवा, उचला. तो येतो १.२५. सरासरी काढू नका. ती १.४१ येते, कारण दोन-तीन मोठ्या चुका तिला वर ओढतात, आणि मग आपण आहोत त्यापेक्षा मंद आहोत असं वाटायला लागतं. मधला आकडा म्हणजे चूक न करता चाललेली तुमची त्या दिवसाची चाल.

आता प्रत्येक टप्प्याच्या जलद वेळेला १.२५ नं गुणा आणि तुमच्या खऱ्या वेळेतून वजा करा. पहिल्या टप्प्याला ९५ सेकंद जास्तीचे निघतात, पाचव्याला साधारण २०७, दहाव्याला २०५. बाकीच्या टप्प्यांत पाच-दहा सेकंद इकडचे तिकडं. म्हणजे साडेआठ मिनिटांच्या आसपास वेळ तीन झेंडे शोधण्यात गेला. पहिल्याशी तुमचं अंतर १५ मिनिटं २२ सेकंदांचं होतं, त्यातली निम्म्याहून जास्त मिनिटं पायांनी गमावलेली नाहीत.

उरलेली सात मिनिटं मात्र खरी आहेत, त्यांना चुकांचं निमित्त देता येणार नाही. तीन चुका झाल्या नसत्या तरी ४७ मिनिटं लागलीच असती. ही सात मिनिटं तीन ठिकाणी जाऊ शकतात : सपाटीवरचा लांब दम, खडबडीत जमिनीवरचे पाय, किंवा नकाशा वाचायला घेतलेले थांबे. कागद इथंही थोडं बोलतो. समाप्तीच्या टप्प्यात नकाशा लागत नाही, पट्टा सरळ असतो, आणि तिथं तुमचा आकडा १.०५ आहे. पायांत वेग आहे. दुसऱ्या टप्प्याला १.२४ होता, बाराव्यालाही १.२३ च आहे, म्हणजे शेवटी गळालाही नाहीत. तरी चाळीस सेकंदांच्या पट्ट्यावरून तासाभराच्या दमाचा अंदाज बांधता येत नाही, म्हणून आता चाचण्या.

पहिली चाचणी सपाटीवर, ५ किलोमीटर. १६०० नाही. भरतीची १६०० पाच-साडेपाच मिनिटांत संपते, ओरिएंटिअरिंगचा मार्ग पाऊण तास ते तासभर चालतो, आणि एक जमलं म्हणून दुसरं जमेलच असं नाही. कालव्याच्या कडेचा रस्ता यासाठी उत्तम, चढउतार जवळजवळ नसतो आणि वाहनं कमी. अंतर सायकलनं मोजा : चाकाच्या वाल्वजवळ टायरवर खडूची खूण करा, सायकलवर बसून दहा फेरे सरळ जा, टेपनं मोजा, दहानं भागा. २८ इंची चाकाला सव्वादोन मीटरच्या आसपास येतं, पण आपल्या सायकलचंच माप धरा, हवा कमी असली तरी ते बदलतं. सव्वा किलोमीटरचा पट्टा आखून दोनदा जाऊन-येऊन केलं की ५ किमी होतात आणि वळणं तीनच पडतात. आधीचे दोन दिवस जोराचा सराव नको. धावण्यापूर्वी पंधरा मिनिटं हळू पळा, मग ८० मीटरच्या चार मोकळ्या धावा.

किती वेळ यायला हवा? यासाठी पीट रीगल यांचं सूत्र वापरतात : नवं अंतर भागिले जुनं अंतर, त्याचा १.०६ वा घात, गुणिले जुना वेळ. तुमच्या ५:२० वरून ५ किमीला १७:५० येतात. साडेअठराच्या आत आलात तर दम वेगाला साजेसा आहे. साडेएकोणीसच्या पुढं गेलात तर भरतीच्या सरावानं वेग दिला, पण पल्ला दिला नाही, असं समजा. आठवड्यातून एक दिवस तास-सव्वा तासाची संथ धाव आणि एक दिवस वीस मिनिटांची एकसारखी जोराची धाव, असं दोन महिने करावं लागेल. या चाचणीत भरतीची मुलं एका सवयीमुळं फसतात. पहिला किलोमीटर ३:२० ला मारतात आणि चौथा ४:१० ला रडतखडत. मग आकडा दमाचा राहत नाही, घाईचा होतो. तुम्ही ३:३५ नं सुरुवात करा आणि प्रत्येक वळणाचा वेळ कुणाला तरी लिहायला सांगा.

दुसरी चाचणी खडबडीत जमिनीवर, नकाशाशिवाय. गावाजवळची बरड टेकडी किंवा झुडपी रान बघा. एक किलोमीटरचा वेढा असा आखा की त्यात ३० मीटरची एक चढण, दगडांचा उतार, गुडघ्याएवढं गवत आणि एक कोरडा नाला येईल. दर वीस-पंचवीस मीटरवर मंडपाच्या कापडाची पट्टी बांधा, पुढची पट्टी मागच्या पट्टीपाशी उभं राहून दिसलीच पाहिजे. इथं शोधाशोध झाली तर चाचणी वाया गेली. वेढा एकदा चालून पाहा, मग तीन फेऱ्या सलग. अंतर ५० मीटरच्या दोरीनं मोजा, मोबाईलवर विसंबू नका.

हिशेबाला १०० मीटर चढ म्हणजे १ किलोमीटर सपाट धरतात. तीन फेऱ्यांचे ३ किमी आणि ९० मीटर चढ मिळून ३.९ होतात. समजा सपाटीवर तुम्ही ५ किमी १८:२० ला केलेत, म्हणजे किलोमीटरला २२० सेकंद. ३.९ ला १४:१८ होतात. ओरिएंटिअरिंगच्या नकाशावर पांढरा रंग म्हणजे मोकळ्या जमिनीच्या ८० ते १०० टक्के वेगानं पळता येईल असं झाडीचं रान, फिका हिरवा म्हणजे ६० ते ८० टक्के. तुमचा वेढा पांढऱ्यासारखा असेल तर वेळ १८ मिनिटांच्या आत बसायला हवा. वीसच्या पुढं गेला तर पायांना ती जमीन माहीत नाही. मैदानावरचा धावपटू पाय जमिनीलगत सरकवत पळतो, गवतात तोच पाय अडकतो, दगडावर घोटा वळेल या धाकानं पाऊल आखूड होतं. उपाय सरळ आहे, आठवड्यातले दोन दिवस तिथंच पळायचं, आधी हळू.

तिसरी चाचणी तशाच जमिनीवर, पण नकाशा घेऊन. मित्राला दुसरा वेढा आखायला सांगा, तुम्ही न पाहिलेला, सहा छोट्या पट्ट्यांचा. छापील नकाशा नसेल तर उपग्रहाच्या चित्रावरून धुरे, पांदण, विहिरी, नाला आणि मोठी झाडं काढून १ सेंटिमीटरला ५० मीटर असा हातनकाशा करा. मित्रानं घड्याळ घेऊन मागं यायचं आणि एकच गोष्ट मोजायची, तुम्ही किती सेकंद उभे होतात. या वेढ्याची किलोमीटरची चाल दुसऱ्या चाचणीपेक्षा जेवढी मंद, तेवढा वाटा वाचनाचा.

आमचा अंदाज विचाराल तर तो असा : ५ किमी बरी निघेल, खडबडीत वेढ्यात थोडं कमी पडेल, आणि तिसऱ्या चाचणीत खरी गोम सापडेल. कारण तुम्ही नकाशा एनसीसीत शिकलात. तिथला सर्व्हेचा नकाशा १:५०,००० चा, १ सेंटिमीटर म्हणजे ५०० मीटर, दोन समोच्च रेषांत साधारणपणे २० मीटरची उंची. ओरिएंटिअरिंगचा १:१०,००० किंवा १:१५,००० चा, आणि रेषा बहुधा ५ मीटरच्या. डोळ्याला जुनी सवय असली की दीड सेंटिमीटर फार लांब वाटतो आणि झेंडा मागं टाकून मुलगा पुढच्या टेकडीवर जातो. शिवाय एनसीसीतलं प्रिझमॅटिक होकायंत्र डोळ्याशी धरायला थांबावं लागतं. पट्टीचं साधं होकायंत्र नकाशावर टेकवून चालता चालता वाचता येतं. ओरिएंटिअरिंगचा नकाशा चुंबकीय उत्तरेला धरूनच काढलेला असतो, त्यामुळं नकाशाची उत्तर आणि होकायंत्राची उत्तर यांतल्या फरकाची, अंशांची वजाबाकी इथं नाही.

आणि पहिल्या टप्प्याचे ते ९५ सेकंद. पहिल्या टप्प्यात घसरण्याचं एक कारण फार वेळा दिसतं : शिट्टी वाजली की भरतीसारखी उडी, आणि नकाशा हातात उलटा. पुढच्या वेळी सुटल्यावर तीस पावलं चाला, नकाशा उत्तरेकडं फिरवा, अंगठा आपल्या जागेवर ठेवा, मग पळा. स्पर्धेच्या संध्याकाळीच, मित्रांशी गप्पा मारायच्या आधी, आपण खरोखर कुठून गेलो ते लाल पेननं नकाशावर काढा. पाचव्या आणि दहाव्या टप्प्यात झेंड्याजवळ जाऊन घोटाळलात की वाटच चुकीची धरलीत, हे कागदावरच्या आकड्यांतून कळत नाही. ती रेषाच सांगते.

प्रश्न : ब्रह्मपुरीहून. बारा मिनिटांच्या धावेत २६०० मीटर झाले. यावरून माझी ऑक्सिजन घेण्याची क्षमता किती आणि ओरिएंटिअरिंगला ती पुरेशी आहे का?

उत्तर : ही डॉ. केनेथ कूपर यांनी १९६८ साली मांडलेली चाचणी. सूत्र असं : मीटरमधल्या अंतरातून ५०४.९ वजा करा आणि ४४.७३ नं भागा. तुमचे ४६.८ येतात, मिनिटाला प्रत्येक किलो वजनामागं इतके मिलिलिटर. हौशी धावपटूला हा आकडा वाईट नाही. पण पुरेसा की अपुरा हे एका आकड्यावर ठरत नाही, वर सांगितलेले टप्प्यांचे भागाकार आधी करा. कूपर चाचणी स्वतःशी तुलना करायला ठीक आहे, एकच अट, मैदान आणि वेळ तेच हवं. मैदानाची फेरी २०० मीटरची 'असेल' असं धरून केलेली मोजणी नको. फेरी १९२ मीटरची निघाली तर तेरा फेऱ्यांत शंभराहून जास्त मीटर फुकटचे मिळतात.

प्रश्न : मी आर्वी तालुक्यातली, घड्याळ लावून पळते. डिसेंबरात रस्त्यावर किलोमीटरला ४:५० ची चाल होती, रानात ६:३०. एप्रिलमध्ये रस्त्यावरही ५:२० वर गेले. सराव बंद नव्हता. दम कमी झाला का?

उत्तर : दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्या आहेत. एप्रिलचा आकडा उन्हाचा आहे. तापलेल्या हवेत रक्ताला कातडी थंड ठेवायचं कामही पडतं, स्नायूंच्या वाट्याचं कमी होतं, आणि त्याच चालीला नाडी जलद पडते. विदर्भाचा एप्रिल सकाळी सातलाही सौम्य नसतो. चाचण्या नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच घ्या, सहा आठवड्यांच्या अंतरानं, आणि डिसेंबरची तुलना एप्रिलशी करूच नका. उन्हाळ्यात तुलना करायचीच तर नाडीची करा : तीच वाट, तीच चाल, नाडी किती. ५ किमीला दहा-पंधरा सेकंदांचा फरक झोपेमुळं किंवा आदल्या दिवशीच्या निंदणामुळंही पडतो, त्यावरून निष्कर्ष नको.

रानातले ६:३० हा दुसरा मुद्दा. ४:५० म्हणजे २९० सेकंद, ८० टक्के वेगानं ३६२, म्हणजे ६:०२. त्यात चढ मिळवलात की ६:३० सहज होतात. घड्याळ चढ धरत नाही, आणि दाट सागाखाली त्याचं अंतरही चुकतं. ऋतूही लक्षात घ्या. पानगळीनंतरचं सागवन आरपार दिसतं, पण वाळलेल्या पानांखाली दगड लपतात. श्रावणात त्याच जागी घाणेरी आणि गवत कमरेएवढं. पाऊस पडून गेल्यावर काळ्या मातीत बुटाला प्रत्येक पावलागणिक चिखल चिकटतो, त्या दिवशीच्या आकड्याला काही अर्थ नाही. चाचणीची जागा मुरमाड बरडावर निवडा. मोजे लांब घाला, दिवाळीनंतरची कुसळं आणि गोखरू चाचणी मधेच थांबवतात.

प्रश्न : धारणी भागातल्या आश्रमशाळेत शिकवतो. तीन मुली नकाशात हुशार आहेत, झेंडा चुकत नाहीत, पण निम्म्या मार्गानंतर पाय ओढतात. त्यांची बारा मिनिटांची चाचणी घ्यावी का?

उत्तर : सर, आधी रक्त तपासा. प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन पाहून घ्या. बारा वर्षांवरच्या मुलीचं १२ ग्रॅमच्या खाली असेल तर तो रक्तक्षय आहे, आणि मग पळण्याचा सराव वाढवून काही होत नाही. डॉक्टर देतील त्या लोहाच्या गोळ्या काही महिने घ्याव्या लागतात, चहासोबत घेऊ नयेत.

त्याच वेळी सिकलसेलची, म्हणजे तांबड्या रक्तपेशी कोयत्यासारख्या वाकवणाऱ्या आनुवंशिक आजाराची, सोल्युबिलिटी चाचणीही करून घ्या. विदर्भात हा आजार बराच आढळतो. चाचणी पॉझिटिव्ह आली तर इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही प्रयोगशाळेतली तपासणी करून एएस की एसएस ते ठरवतात. एसएस म्हणजे रुग्ण, तिला दम संपेपर्यंत पळवणारी कुठलीही चाचणी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. एएस म्हणजे वाहक. ती खेळू शकते, तिला वगळू नका. पण उन्हात, पाणी न पिता, एकदम जोरात पळवणं तिला धोक्याचं असतं. सुरुवात हळू, मधे विश्रांती, आणि मांड्या-कंबर दुखते म्हणाली की त्याच क्षणी थांबवून सावलीत बसवायचं. 'नाटक करते' हा शब्द शिक्षकाच्या तोंडी येता कामा नये.

दोन्ही तपासण्या ठीक निघाल्या तर दोन साध्या गोष्टी पाहा. स्पर्धेच्या दिवशी मुलींनी पळण्याच्या दोन-तीन तास आधी खाल्लं होतं का, की मुक्कामाच्या गाडीतून थेट मैदानावर? आणि पहिले चार टप्पे त्या कुणाच्या मागं पळाल्या? मग चाचणी घ्या, बारा मिनिटांची नको, वरचा पट्ट्यांचा वेढा चार वेळा, सोप्या चालीनं, प्रत्येक फेरीचा वेळ वेगळा. चौथी फेरी पहिलीपेक्षा किती लांबली तेच तुम्हाला हवं आहे.

प्रश्न : गोंडपिपरीहून. आमच्याकडं चोहीकडं जंगलच आहे. खडबडीत वेढा तिथंच आखला तर चालेल?

उत्तर : नाही. चंद्रपूर जिल्ह्यात वाघ फक्त ताडोब्यात राहत नाही, हे तुम्हाला सांगायची गरज नसावी. वनखात्याच्या जंगलात वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांच्या लेखी परवानगीशिवाय पट्ट्या बांधू नका. वेढा गावठाणाला लागून असलेल्या उघड्या पडीक जमिनीवर घ्या, जिथं बाजूला उभा माणूस सगळा मार्ग पाहू शकेल. अशा गावांत सकाळी सहाची वेळही नको. हिवाळ्यात ऊन चांगलं वर आल्यावर, आठ ते दहा, आणि किमान तिघं. सपाटीची ५ किमी मात्र वर्दळीच्या रस्त्याकडेला सकाळी घ्या.

शेतातून जायचं तर मालकाला विचारून आणि धुऱ्यावरूनच. तूर उभी असेपर्यंत आतून पळू नका, ओळींत पुढचं दिसत नाही आणि पिकाचं नुकसान होतं ते वेगळंच. तारेचं कुंपण दिसलं तर ओलांडू नका, हातही लावू नका. रानडुकरांसाठी त्यात वीज सोडलेली असू शकते, आणि दिवसा ती बंदच असेल याची खात्री नाही. वेढा आखताना ज्या शेताला तारा आहेत ते शेतच वगळा, आणि सरावाच्या आदल्या दिवशी पुन्हा एकदा चालून या, रात्रीतून नवी तार ओढलेली असते.